तीन ते पाच वर्षांचं मूल सांभाळताना: आधी सांगा, मग करा

आमची चिमी येत्या जूनमध्ये पाच पूर्ण करेल, म्हणजे बालवाडीची दोन वर्षं होत आली, आणि या दोन वर्षांत मी जे काही शिकले ते मैत्रिणींना फोनवर इतक्यांदा सांगून झालंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू. ज्यांचं मूल आत्ता अडीच-तीनचं आहे आणि जूनमध्ये शाळेत घालायचंय त्यांना जास्त उपयोग होईल.

मूळ गोष्ट एकच आहे, बाकी सगळं त्यातूनच येतं. या वयाचं मूल बोलायला लागलेलं असतं, टकाटका उत्तरं देतं, म्हणून आपण धरून चालतो की त्याला सगळं कळतंय. पण वेळेचा अंदाज त्याला अजिबात नसतो. "पाच मिनिटांत निघायचंय हां" असं आपण म्हणतो, त्यातली पाच मिनिटं म्हणजे किती हे त्याला माहीतच नसतं, ते आपलं ठोकळ्यांचा बंगला बांधण्यात गुंग असतं आणि अचानक कुणीतरी बखोटीला धरून उचलतं, पायात चपला कोंबतं आणि गाडीवर बसवतं. मग ते भोकाड पसरतं आणि आपण म्हणतो हट्टी झालंय. खरं तर त्याला समजेल अशा भाषेत कुणी काही सांगितलेलंच नसतं. म्हणून आमच्या घरात आता एक नियम आहे, आधी सांगायचं, मग करायचं. कितीही घाई असली तरी.

हा नियम सुचला तो एका चुकीतून. शाळेचा पहिला दिवस, नाशिकमधला धो धो पाऊस, चिमी नवीन रेनकोट घालून खुशीत होती. वर्गात रंगीत मणी ओवायला ठेवले होते, ती लगेच बसली. तिथल्या ताई मला हळूच म्हणाल्या, "आई, तुम्ही आता गुपचूप निघा, दिसलात की रडेल." मला पण तेच बरं वाटलं, मी मागच्या मागे निघून आले. नंतर कळलं की तिने ओवलेली माळ दाखवायला मागे वळून बघितलं आणि मी नव्हते. त्या दिवशी ती रडलीच, पण खरा त्रास पुढे झाला, पंधरा दिवस ती मला नजरेआड होऊ देईना, मी बाथरूमला गेले की दाराबाहेर बसून राहायची, रात्री झोपेत माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून झोपायची, ओढणी सोडवली की दचकून उठायची. आई न सांगता गायब होऊ शकते हे तिला त्या दिवशी कळलं होतं. तेव्हा मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

मग आम्ही चार दिवस शाळा बंद ठेवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली, ती अशी. रोज संध्याकाळी फिरायला जाताना शाळेवरून जायचं, गेट बघायचं, बाहेरून घसरगुंडी दिसते ती बघायची, वॉचमनकाकांना हात करायचा. घरी शाळा-शाळा खेळायचं, त्यात ती बाई आणि मी मूल, आणि मी मुद्दाम म्हणायचे "मला आई पाहिजे", मग ती मला समजवायची. आणि सगळ्यात कामाला आलं ते म्हणजे एका पाठकोऱ्या कागदावर मी पाच चित्रं काढली, प्रार्थनेला जोडलेले हात, डबा, ढोलकी म्हणजे गाणी, घसरगुंडी, आणि शेवटी गेटपाशी उभी असलेली आजी. माझी चित्रकला यथातथाच आहे, पण तिला आजीचा अंबाडा बरोबर ओळखू आला. घड्याळातली वेळ तिला कळत नाही पण आधी हे, मग हे, मग हे, असा क्रम कळतो. कागद फ्रीजला लावला, रोज सकाळी दूध पिताना ती बोट ठेवून वाचायची. दूध सांडून कागद भिजला तेव्हा दुसरा काढला.

निघताना काय म्हणायचं ते पण ठरवून टाका आणि रोज तेच म्हणा. आपल्याकडे "जाते" म्हणत नाहीत, "येते" म्हणतात. मला लहानपणी आई दटावायची की जाते काय म्हणतेस, येते म्हण. या वयाच्या मुलाला त्याचा शब्दशः अर्थ लागतो, आई "येते" म्हणाली म्हणजे येणार. आमचं असं ठरलंय की चपला रॅकमध्ये, बाटली खुंटीला, मग मी खाली बसून तिच्या डोळ्यात बघून म्हणते "येते गं", ती म्हणते "ये". बास. एवढं झालं की निघायचं, परत वळून यायचं नाही, खिडकीतून डोकवायचं नाही. पहिले काही दिवस ती यानंतरही रडली, पण ताईंना विचारलं तर म्हणाल्या मणी हातात आले की थांबते. न सांगता निघून आल्यावरचं रडणं आणि सांगून निघाल्यावरचं रडणं यात फार फरक आहे, दुसऱ्यात भीती नसते. आणि न्यायला पहिला महिनाभर पाच मिनिटं आधीच जाऊन उभं राहा, बाकीची मुलं गेली आणि आपलंच राहिलंय असं एकदा जरी झालं ना तरी केलेलं सगळं वाया जातं.

अजून एक. शाळेतून आल्यावर मूल घरी चिडचिड करतं, मोजा निघत नाही म्हणून रडतं, तेव्हा शाळेत काही झालं का म्हणून लगेच टेन्शन घेऊ नका. तीन तास ते शहाण्यासारखं वागून दमलेलं असतं. "आज काय शिकवलं?" हा प्रश्न तेव्हा विचारूच नका. पाणी द्या, गरम वरणभात द्या, मांडीवर घ्या. सांगायचं ते अंघोळीच्या वेळी नाहीतर झोपताना आपोआप सांगतात.

आता अभ्यासाचं. शाळेत घातल्यावर दोन महिन्यांत नातेवाईक विचारायला लागतात की एबीसीडी येते का, शंभरपर्यंत येतात का. खरंच नका मागे लागू. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सुद्धा तीन ते सहा ही वर्षं पूर्वप्राथमिकची धरली आहेत आणि पहिलीत जायचं वय सहा पूर्ण असं आहे, म्हणजे वेळ आहे. आणि आपल्या महाराष्ट्रात तर हे फार आधीपासून माहीत होतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि नंतर अनुताई वाघांबरोबर कोसबाडला जे काम केलं त्यात मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात, पाड्यावर नेली, आणि महागडी परदेशी साधनं परवडणार नाहीत म्हणून शंखशिंपले, गोटे, बिया, पानं, काड्या याच वस्तू मुलांच्या हातात दिल्या. अंगणवाडी म्हटलं की आपल्याला फक्त सरकारी योजना आठवते, पण त्यामागे एवढा विचार आहे. मी हे वाचलं तेव्हा माझ्या स्वयंपाकघराकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले.

कारण पेन्सिल धरायच्या आधी बोटांत ताकद यावी लागते आणि ती मटार सोलून येते. खरंच करून बघा. थंडीत मटार स्वस्त झाले की मी एक वाटी शेंगा तिच्यापुढे ठेवते. पहिल्यांदा तिला शेंग उघडताच येईना, नखाने ओरबाडायची, मग मी शेंगेच्या देठाकडच्या टोकाला थोडं दाबून "टक" आवाज काढून दाखवला. आता ती त्या टक् साठीच सोलते, दाणे मोजते, "या शेंगेत सहा बाळं आहेत आणि एक बारकं" असं सांगते. त्यात मोजणं आलं, लहान-मोठं आलं, बोटांचा व्यायाम आला, आणि मला अर्धा तास भाजी चिरायला मिळाला तो वेगळाच. कणकेचा छोटा गोळा द्या, लसूण सोलायला द्या, कपड्यांना चिमटे लावायला द्या. चिमटे तर फार छान, अंगठा आणि दोन बोटं, पेन्सिल धरतो तशीच पकड. तिचं एक छोटं पोळपाट-लाटणं आहे, ती पोळी लाटते, मी भाजते, आणि तिची पोळी तिच्याच ताटात पडते, कडक झाली तरी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाते. काम मात्र खरं पाहिजे. खोटंखोटं दिलेलं त्यांना लगेच कळतं.

हट्टाचं बोलू. भाजीबाजारातला प्रसंग सांगते. फुगेवाला दिसला, मी नाही म्हटलं, बाई रस्त्यात आडव्या. सगळे बघतायत, एक आजोबा म्हणाले "घेऊन द्या की हो, लेकरू आहे", हातात मेथीची जुडी. आपला चेहरा गरम होतो तेव्हा, मला माहितीये. त्या वेळी जे जमलं ते सांगते, मी पिशवी खाली ठेवली, तिच्या शेजारी उकिडवी बसले आणि फक्त म्हणाले, "तुला फुगा पाहिजे होता. मी नाही म्हटलं म्हणून राग आलाय." दुसरं काही नाही. समजावणं नाही, घरी चल मग बघते नाही. रडणाऱ्या मुलाच्या कानात लांबलचक वाक्य शिरतच नाही. दोन-तीन मिनिटं लागली, फार मोठी वाटली, मग ती स्वतःच कुशीत आली. पाणी पाजलं, नाक पुसलं, निघालो. फुगा घेतला नाही, कारण रडून मिळतो हे एकदा कळलं की पुढचा प्रत्येक बाजार असाच जाणार.

पण यापेक्षा महत्त्वाचं आहे ते घरातून निघायच्या आधीचं. आता मी दारातच सांगते, "आज मेथी, टमाटे आणि लिंबं आणायची आहेत. फुगा आणायचा नाही. लिंबं कोण निवडणार?" लिंबं ती निवडते, पाच, पिवळी, मऊ, प्रत्येक दाबून बघते, भाजीवाल्या मावशी आता तिच्यासाठी टोपली पुढे करतात. बागेतून निघताना पण मिनिटांत सांगू नका, "अजून दोनदा घसरगुंडी आणि मग घर" असं सांगा आणि दोन म्हणजे दोनच. तिसरी दिलीत की पुढच्या वेळी तुमच्या दोनला काही किंमत राहत नाही. निवड द्यायची तर दोघांतलीच द्या, निळा फ्रॉक की पिवळा. "काय घालतेस?" विचारलंत तर जूनच्या पावसात लोकरीचा स्वेटर निघतो.

एक हात जोडून विनंती आहे. "पोलीस येईल", "बुवा नेईल", "डॉक्टर सुई टोचतील" असं कधीही म्हणू नका. आजी-आजोबा म्हणत असतील तर त्यांनाही प्रेमाने सांगा. पाच वर्षांच्या सुमाराला धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याच्या लशीचा बूस्टर असतो, तेव्हा त्याच डॉक्टरांकडे जायचंय ना? सुईबद्दलसुद्धा आधी खरं सांगावं, "दुखेल, मुंगी चावल्यासारखं, मी हात धरून बसेन, मग आपण घरी येऊन लाडू खाऊ." "काही दुखत नाही" असं सांगून नेलं आणि दुखलं की त्याला कळतं, आई खोटं बोलली.

जेवणाचं टेन्शन सगळ्यांना असतं, मलाही होतं. एक दिवस दोन पोळ्या, दुसऱ्या दिवशी दोन घास, असंच चालतं या वयात, कारण पहिल्या वर्षासारखी झपाट्याने वाढ आता होत नसते. आमच्या डॉक्टरांनी एक साधं गणित सांगितलं, काय वाढायचं आणि कधी वाढायचं हे तुमच्या हातात, किती खायचं हे तिच्या. ते पाळायला लागल्यावर ताटाभोवतीची भांडणं थांबली. दूध दिवसाला चारशे-पाचशे मिलीच्या वर नको, पोट दुधानेच भरतं आणि भाजी-पोळीला जागा राहत नाही, शिवाय जास्त दुधाने अंगातलं लोह कमी पडतं. मध्येमध्ये बिस्किटं बंद केली की भूक आपोआप लागते. आणि हे नीट लक्षात ठेवा, अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या या वयात हातात देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. दाण्याचा कूट चालतो. आमच्या नाशकात जानेवारी ते मार्च घरोघरी द्राक्षं असतात, तर द्राक्ष उभं चिरून चार फोडी करूनच द्या, आणि बसून खायला लावा, पळत पळत, हसत हसत नाही.

मोबाईल-टीव्ही. जागतिक आरोग्य संघटना आणि आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना दोघंही या वयाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास म्हणतात, कमी असेल तर उत्तमच. आमच्याकडे जेवताना स्क्रीन नाही हे पक्कं आहे. बाकी वेळी तेच, आधी सांगायचं, "दोन गोष्टी बघायच्या, मग टीव्ही तू बंद करायचास." बटण तिच्या हाताने दाबलं जातं म्हणून भांडण होत नाही. आपण हिसकावला की रणधुमाळी.

आता सकाळी बाबा स्कूटीवरून सोडतो. दुचाकीवर चार वर्षांपर्यंतच्या मुलाला हेल्मेट आणि चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा हवा, वेग ताशी 40 च्या आत, असा केंद्राचा नियम 2023 च्या फेब्रुवारीपासून आहे. शाळेच्या गेटवर बघितलं तर हेल्मेट घातलेली मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पुढे उभं केलेलं पोर बघून पोटात गोळा येतो. चार पूर्ण झाली म्हणून चिमीचं हेल्मेट काढलेलं नाही. ते तिनेच दुकानात जाऊन निवडलं, त्यावर मासे आहेत, त्यामुळे घालायला कुरकुर नाही.

सासूबाईंबरोबर सुरुवातीला माझे थोडे मतभेद झाले. त्यांनी तीन मुलं वाढवलीत, त्यांना हे सगळं सांगत बसणं वेळखाऊ वाटायचं. मी वाद घातला नाही, फक्त एक विनंती केली की अहो आई, बाकी तुम्ही तुमच्या पद्धतीने करा, पण कुठे जाताना तिला सांगून जात जा. आठवडाभरात त्यांच्याच लक्षात आलं की देवळात जाताना "घंटा वाजवून येते गं" असं सांगितलं की चिमी पदर सोडते. आता त्या माझ्यापेक्षा जास्त सांगतात, आणि त्यांच्याकडे गोष्टी आहेत, ओव्या आहेत, जे माझ्याकडे नाही. घरात भरपूर मराठी बोला हेही त्याच निमित्ताने सांगते, शाळा इंग्रजी असली तरी. जी भाषा आपल्याला मनापासून येते त्या भाषेतच मुलाला रागाला, दुःखाला, मायेला शब्द मिळतात.

आपला तोल जातोच कधीतरी. महिनाअखेरीला ऑफिसमध्ये काम होतं, मला उशीर होत होता, तिने बाटलीचं झाकण तिसऱ्यांदा उघडून गणवेश भिजवला आणि मी जोरात ओरडले, इतकं की ती हुंदका गिळून गप्प झाली. संध्याकाळी मी तिला जवळ घेऊन म्हटलं, "सकाळी मी ओरडले ते चुकलं माझं. मला घाई होती, तुझा राग नव्हता." मुलांची माफी मागितली की ती डोक्यावर बसतात असं म्हणतात, मला तसं मुळीच वाटत नाही. तिने दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाळाचा ठोकळा पाडला तेव्हा आपणहून "चुकलं माझं" म्हणाली.

डॉक्टरांना कधी दाखवायचं ते थोडक्यात. तीन पूर्ण झाली तरी छोटी वाक्यं बोलत नसेल, घराबाहेरच्यांना त्याचं बोलणं अजिबात कळत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, किंवा आधी येत असलेलं काही आता येत नसेल तर थांबू नका, कान तपासून घ्या, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. "मुलगे उशिरा बोलतात" म्हणून वर्ष घालवू नका. "म म म मला" असं अडखळणं या वयात पुष्कळ मुलांना होतं, त्याचं वाक्य आपण पूर्ण करू नका, थांबून ऐका, पण सहा महिने झाले तरी गेलं नाही तर दाखवा. रात्री गादी ओली होणं पाचपर्यंत अगदी सर्वसाधारण आहे, त्यावरून मुलाला चारचौघांत काही बोलू नका.

झोप दुपारची धरून दहा ते तेरा तास लागते. आमचा रात्रीचा क्रम ठरलेला आहे, दूध, दात, सू, गोष्ट, दिवा. दात घासायला पेस्ट मटारच्या दाण्याएवढी, आणि आधी ती घासते मग मी घासते, कारण सहा-सात वर्षांपर्यंत त्यांच्या हाताने नीट निघत नाहीत. दिवा मालवल्यावर तिची एक मागणी असते, "आई, उद्या सांग." मग मी अंधारात सांगते, उद्या उठायचं, दूध प्यायचं, बाबाबरोबर माशांचं हेल्मेट घालून शाळेत जायचं, प्रार्थना म्हणायची, मग डबा, डब्यात काय असेल तेही विचारते, मी म्हणते थालीपीठ आणि लोणी, आणि गाण्यांपर्यंत पोचेस्तोवर माझ्या ओढणीवरची मूठ सैल झालेली असते.